शून्य दशांश एक

इंदूर
६ जानेवारी २०२५

वयनी,

तुमी फोनवर म्हटलं, "लखनभाऊ, कागदावर लिहा, इथं सगळे स्पीकर लावून ऐकतात," म्हणून लिहून राह्यलो. रेघा तिरप्या जातील. मायं अक्षर तुमाले माईत आहे. अकरावीत तीन महिने सायन्सले गेलो, तेव्हा प्रॅक्टिकलची वही तुमीच उतरवून दिली होती. मग मी सायन्सच सोडलं, अन् ती वही तशीच पडून राहिली.

आधी हे सांगतो की मी कुठं आहे, कारण मागच्या वेळी तुमी विचारलं तेव्हा मी गोष्ट बदलली होती. दिवाळीच्या आधी रंगकामाच्या ठेकेदारासंगं इंदूरले आलो. इथल्या एका कॉलेजात एक खोली काळी रंगवायची होती. भिंती काळ्या, छत काळं, दाराची चौकट काळी, स्क्रूची डोकी सुद्धा काळी. मी म्हटलं, "इथं भूतं पाळता काय?" तर तिथल्या मॅडम आपल्याच बोलीत म्हणाल्या, "भूत नाही बाप्पा, उजेड पाळतो. लई थोडासा." रंजीता मॅडम त्याईचं नाव, मूळच्या अमरावतीकडच्या. ठेकेदार पुढच्या कामावर गेला अन् मी तिथंच राहिलो. टेबल पुसतो, तारा ओढतो, काचा साफ करतो. इथले लोक पोह्यावर शेव टाकतात अन् संगं जिलबी खातात, सकाळी सकाळी. मले पहिल्या दिवशी पटलं नाही, आता त्याच्याशिवाय चालत नाही.

सांगायचं होतं ते दुसरंच. टेबलावर एक लेझर आहे. त्याच्यासमोर काळ्या काचा लावत जातात, एकीमागं एक, जोवर उजेड डोळ्याले दिसेनासा होते. लेझर ठोके ठोके देते. उजेडाचे दाणे असतात म्हणे, त्याले फोटॉन म्हणतात. एका ठोक्यात किती दाणे, ते कॉम्प्युटरवर लिहून येते. काल मी काच पुसता पुसता पाहिलं तर आकडा होता ०.१. शून्य दशांश एक. दोनदा पाहिलं. म्हणजे एका ठोक्यात दाण्याचा दहावा तुकडा. तुरीची डाळ होते, डाळीची चुरी होते, तसा हा उजेडाचा चुरा. इतका कमी, अन् तरी "आहे" म्हणून लिहिलेला. मले ते पाहून कसंतरीच झालं. का झालं ते सांगता येत नाही.

बाबाले नमस्कार. संस्कृतीले म्हणा, काका कॉलेजात आहे, शिकत नाही पण आहे. उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर, रंजीता मॅडम मार्फत पाठवा. मी इथं किती दिवस टिकतो ते मलेच माईत नाही.

लखन


इंझोरी
१९ जानेवारी २०२५

लखनभाऊ,

तुमचं पत्र संस्कृतीनं आधी फोडलं. सातवीत आहे, आता तिच्यापासून काही लपत नाही. "काका उजेडाचा चुरा झाडतो," असं शाळेत सांगून आली.

मले जे फोनवर बोलता आलं नाही ते असं. या फाल्गुनात तुमच्या भावाले जाऊन बारा वर्षं होतात. वांग्याचे दोन कट्टे घेऊन ते मंगरूळच्या बाजारात गेले. वांगी विकली, गाडी बस स्टँडसमोर लावली, चावी चहावाल्याजवळ दिली, अन् तिथून पुढं कोणाले दिसले नाही. चावी दिली म्हणजे स्वतःच्या मनानं गेले, असं पोलीस म्हणाले. धीरज हे नाव मी तेव्हा त्यांच्या कागदावर लिहिलं, तेवढंच. संस्कृती तेव्हा रांगत होती.

मामंजी म्हणतात, बारा वर्षं भरली की पळसविधी करावा. मानोऱ्याच्या गुरुजीले विचारून आले. माणूस सापडला नाही तर पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ घेऊन माणूस मांडतात. डोक्याले चाळीस, गळ्याले दहा, असं सगळं अंग. मग त्याले अग्नी देतात अन् तेरा दिवस पाळतात. मामंजी म्हणाले, "सुचिता, मी जायच्या आधी त्याले वाटेले लावून देतो." बापाच्या हातानं होणार नाही म्हणतात. अग्नी तुमाले द्यावा लागेल.

बायकोनं हो म्हटल्याशिवाय गुरुजी करणार नाहीत. मी नाही म्हटलं. तेव्हापासून घरात कोणी कोणाशी नीट बोलत नाही.

तुमच्या त्या दहाव्या तुकड्यानं मले धरून ठेवलं आहे. मले वाटलं, माझ्या मनातलं कोणीतरी पहिल्यांदा आकड्यात लिहिलं. हे या घरात थोडेसे आहेत. पूर्ण नाहीत, पण नाहीत असंही म्हणता येत नाही. त्यांचं ताट मी मांडत नाही, तरी रोज एक भाकर जास्तीची होते, हात आपोआप थापते. मामंजीले हे सांगितलं तर म्हणतील, पोरीचं डोकं फिरलं.

मॅडमले नीट विचारा. शून्य दशांश एकाचा अर्थ काय? खरंच तेवढा तुकडा असतो का? विचारून लिहा, अन् मधात दुसरीकडं जाऊ नका.

सुचिता


इंदूर
४ फेब्रुवारी २०२५

वयनी,

मधात कुठं गेलो नाही. फक्त दोन दिवस महेश्वरले जाऊन आलो, घाट पाहायचा होता. तिथं एक माणूस पाण्यात उभा राहून हातमागाच्या साड्या धूत होता अन् मी त्याच्याशीच बोलत बसलो. ते सोडा.

मी मॅडमले म्हटलं, "तो दहावा तुकडा मले एकदा दाखवा." त्या म्हणाल्या, "तुकडा असते असं कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "तुमच्याच कॉम्प्युटरनं." त्याईनं मले खुर्चीवर बसवलं अन् दार लावलं. बाहेर भर दुपार, आत स्वतःचा हात सापडत नव्हता. मोजणाऱ्या मशीनले त्याईनं एक लहान स्पीकर जोडला. दाणा पोचला की टिक असा आवाज. म्हणाल्या, "अर्धी टिक ऐकू आली तर मले सांग."

ठोके अगदी हळू केले होते, सेकंदाले दहा. मी कान देऊन बसलो. टिक. मग काहीच नाही. मग टिक, अन् लगेच आणखी एक टिक. मग लांबलचक काहीच नाही. पुष्कळ वेळ बसलो, वयनी. एकही टिक दुसरीपेक्षा लहान नव्हती.

मग त्याईनं दार उघडून कागदावर मांडून दाखवलं. मी ते आपल्या वांग्यात सांगतो. समजा हजार पिशव्या आहेत. नऊशेच्या वर पिशव्या रिकाम्या, साफ रिकाम्या. नव्वदेक पिशव्यांत एक एक वांगं, अख्खं, देठासकट. चार-पाच पिशव्यांत दोन दोन. सगळी वांगी मिळून भरतात शंभर. शंभर वांगी हजार पिशव्यांत वाटली की पिशवीमागं शून्य दशांश एक. पण वांग्याची फोड कोणत्याच पिशवीत नसते. मागच्या पत्रात मी तुकडा लिहिलं ते चूक होतं.

टेबलावर एक आरसा आहे, अर्धा उजेड पलटवतो, अर्धा पार जाऊ देतो. मी म्हटलं, आता तरी दाणा फुटेल. दोन्ही बाजूले दोन मशीन लावले होते. एका दाण्यासाठी दोन्ही मशीन संगं वाजले नाहीत. कधी हे, कधी ते.

मी हुशारी करून म्हटलं, "म्हणजे पिशवी उघडायच्या आधीच वांगं आत असते नाहीतर नसते." मॅडम म्हणाल्या, "इथं तुया वांग्याची हद्द संपली. उघडायच्या आधी आहे म्हणू नको अन् नाहीही म्हणू नको. मशीनपाशी उत्तर मिळते अन् ते अख्खं असते. त्याच्या आधी जे असते त्यासाठी आमच्याकडं गणित आहे, बोली नाही." आणखी म्हणाल्या, हा आकडा पुष्कळ पिशव्यांचा आहे, एकाच पिशवीचं विचारलं तर तो फक्त अंदाज देते, उत्तर देत नाही. हे सगळं माया डोक्यात अजून बसलं नाही. तुमाले सांगायचं म्हणून सांगितलं.

वयनी, म्हणून मले वाटते की थोडंसं असं कोणी घरात नसते. बाबा म्हणतात तसं होऊन जाऊ द्या. त्याईचं वय झालं. तुमी बारा वर्षं पुष्कळ केलं.

लखन


इंझोरी
१५ फेब्रुवारी २०२५

लखनभाऊ,

पत्र मी वांग्याच्या वाफ्यात बसून वाचलं. अख्खं नाहीतर काहीच नाही. ठीक आहे, मी पण त्याच हिशोबानं पाहिलं.

बारा वर्षांत अकोल्याहून एकजण सांगत आला की स्टेशनावर पाहिलं. मामंजी गेले, तो दुसराच निघाला. शेगावले कोणीतरी म्हणालं, तिथंही कोणी नाही. या सगळ्या रिकाम्या पिशव्या. अन् एक भरलेली. सुरतेहून आलेलं पार्सल.

तुमी तेव्हा हैदराबादेत होते, तुमी ते पाहिलं नाही, म्हणून सांगते. आठ वर्षांपूर्वी सासूबाईनं खाणं सोडलं होतं. दाराकडं तोंड करून पडून राहत. एक दिवस पोस्टमन पार्सल घेऊन आला. पाठवणाऱ्याचं नाव नाही, शिक्का सुरतेचा. आत संस्कृतीले पिवळा फ्रॉक, सासूबाईले लिमलेटच्या गोळ्या, मामंजीले चुन्याची डबी. लिमलेटच्या गोळ्या हेच बाजारातून आणायचे, दुसऱ्या कोणाले ते माईत नव्हतं. सासूबाईनं कागद छातीले लावला, उठून बसल्या, भाकर मागितली. त्यानंतर तीन वर्षं जगल्या. जातानी म्हणाल्या, "माया धीरज आहे."

तर एक टिक अख्खी वाजली आहे. तुमच्या मॅडमच्या हिशोबानं एक टिक म्हणजे एक पूर्ण माणूस.

जे कोणाले बोलले नाही ते लिहिते. पार्सलात माझ्यासाठी काही नव्हतं. मी कागद झटकून पाहिला, डब्याचं बूड पाहिलं. पोरीची आठवण आहे, आईची आहे, बापाची आहे. तेव्हा मले समजलं की हे माझ्यावर रागावून गेले. आठ वर्षं मी ती एक सकाळ आठवून राह्यली. मी एवढंच म्हटलं होतं, "वांगी निवडून भरा, मागच्या बारी किडकी गेली." दुसरं काही आठवत नाही. एवढ्यावर कोणी जाते का?

म्हणून मी हो म्हणत नाही. मले त्यांना एकच विचारायचं आहे, माझं काय चुकलं. विचारल्याशिवाय मी जित्या माणसाले जाळू देणार नाही. मॅडमले सांगा, त्यांच्यामुळं माझं मन पक्कं झालं.

सुचिता


इंदूर
१४ मार्च २०२५

वयनी,

महिना झाला, लिहिलं नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी बऱ्हाणपूरची बस धरली. तिथून खंडवा, तिथून कुठं कुठं. केळीच्या गाड्या भरल्या. पळालोच म्हणा. परवा परत आलो. वाटलं, कामावरून काढलं असेल. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आलास? काचा पुसायच्या आहेत."

आज इथं धुळवड आहे, कॉलेज बंद, मी खोलीत एकटा. कालचं आधी सांगतो, कारण त्याच्याशिवाय मले पुढचं लिहिता येणार नाही.

काल मॅडम मशीन तपासत होत्या. लेझर बंद, त्याची तार काढून टेबलावर ठेवलेली. मोजणाऱ्या मशीनवर धातूचं झाकण, स्क्रू मीच आवळले. उजेडाचा कणही आत जायले जागा नाही. आम्ही बसलो. बराच वेळ काही नाही. मग टिक.

मी म्हटलं, "मॅडम, कुठून तरी उजेड शिरून राह्यला." त्या म्हणाल्या, "नाही, काहीच शिरलं नाही. मशीन आपल्याच आतल्या गरमीनं कधीमधी वाजते. त्याले डार्क काउंट म्हणतात." मी विचारलं, "खरी टिक अन् ही टिक ओळखता येते का?" म्हणाल्या, "एकटी टिक कधीच ओळखता येत नाही. म्हणून तर आधी झाकण लावून पाहावं लागते की काही नसताना हे किती वाजते. ते न पाहता जो मोजते तो फसते."

वयनी, तुमची ती एक टिक मी वाजवली.

मी हैदराबादेत नव्हतो. सुरतेत कापड रंगवायच्या कारखान्यात होतो अन् घरी हैदराबाद सांगितलं होतं, कारण सुरतेले जाऊ नको असं बाबा म्हणाले होते. वीस वर्षांचा होतो. शेजारच्या चंपतकाकानं फोनवर सांगितलं की आई काही खात नाही, दाराकडं पाहत पडून असते. मी यायले पाहिजे होतं. पण मी येऊन काय होणार होतं? तिले मी नको होतो, दादा पाहिजे होता. मग मी दादा पाठवला.

लिमलेटच्या गोळ्या मले माईत होत्या. दादा बाजारातून आला की आईच्या आधी मीच त्याचा खिसा तपासायचो. फ्रॉक घेतानी दुकानातल्या एका लहान पोरीले उभं करून माप पाहिलं. मग तुमच्यासाठी बांगड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, माप सांगा. मी तिथंच उभा राहिलो. दादाच्या नावानं त्याच्या बायकोले बांगड्या पाठवायच्या अन् हात माया. मले लाज वाटली. पायरी उतरलो. मनात म्हटलं, खोट्यात तेवढं तरी कमी करू.

ते कमी केलेलं तुमी आठ वर्षं उचलून राह्यल्या, हे मले तुमच्या पत्रापर्यंत माईत नव्हतं. तुमच्या वाट्याचं दादानं वगळलं नाही, मी वगळलं. दादा का गेला ते मले माईत नाही. पण पार्सलावरून तुमी जे धरून बसल्या, त्यात त्याचं काहीच नाही. त्यात सगळा मीच आहे.

आई गेल्यावर सांगणार होतो. दरवेळी त्याच्यासाठीच येतो, दोन दिवस राहतो, तिसऱ्या दिवशी पळतो.

लखन


इंझोरी
११ एप्रिल २०२५

लखन,

भाऊ लिहायले हात वळत नाही. आज तुले 'तू'च म्हणते, तेच खरं वाटते.

पत्र वाचलं त्या दिवशी मी फ्रॉक काढला. आठ वर्षं कापूर टाकून ठेवला होता. वाटलं चुलीत घालावा, पुन्हा ठेवला. मग पुष्कळ दिवस मले काही सुचलं नाही. तू सांगून मोकळा झाला. मी त्यांच्यावर आठ वर्षं केलेला राग अन् स्वतःले दिलेला दोष आता कुठं नेऊन टाकू ते लिही. तुझ्या मशीनले विचारून लिही.

शेवटी मामंजीले सांगितलं. ते मेथीच्या जुड्या बांधत होते. मी म्हटलं, "ते पार्सल लखननं पाठवलं होतं." त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाले, "माईत आहे."

"कसं माईत?"

"दोरी मीच सोडली होती. गाठ आपल्या जुडीची होती. दोघाईले मीच शिकवली. पण धीरज डावखुरा, त्याची गाठ उलटी पडे. पार्सलाची सुलटी होती."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुया सासूनं त्या दिवशी अर्धी भाकर खाल्ली, सुचिता. कायले बोलू?"

सासूबाईले वाचवायले तुमी दोघं बापलेक गप्प बसले. मधात मी आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी मामंजीले तसंच म्हटलं. ते उठून बांधावर गेले. संध्याकाळी आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "तुले पार्सलात काही नाही हे मी पाहिलं होतं. वाटलं, तुया ध्यानात आलं नसेल." मी चहा करून दिला. दुसरं काय करणार होते?

आता विधीचं. मी हो म्हटलं आहे. ते मेले असं मी मानलं नाही. मॅडम म्हणाल्या तसं, आकडा पुष्कळ पिशव्यांचा असते अन् मले तर एकच पिशवी होती. तिच्यात काय आहे ते कोणीच सांगू शकत नाही, ना पोलीस, ना गुरुजी, ना तुझी खोली. पण मी ज्यासाठी वाट पाहत होते, ते विचारणंच आता राहिलं नाही. विचारायचं नसेल तर वाट पाहून काय करू?

गुरुजीले मी विचारलं, "अन् आले तर?" ते म्हणाले, त्यालेही विधी आहे. माणसाले आंघोळ घालून बाळासारखं नाव ठेवावं लागते, बायकोशी लग्नही पुन्हा लावावं लागते. मी म्हटलं, "म्हणजे त्या वेळी मले पुन्हा विचाराल ना, हो का नाही?" गुरुजी पोथीत पाहायले लागले. मामंजी हसले. कितीतरी वर्षांनी हसले.

फाल्गुनात पळसाले नुसती फुलं होती, एक पान नव्हतं. आता पानं फुटली. सत्तावीस एप्रिलले अमावस्या आहे. एकदा त्यांचा हात होऊन पार्सल पाठवलं, आता त्यांचा भाऊ होऊन त्यांना वाटेले लाव. तेरा दिवस राहावं लागेल. तिसऱ्या दिवशी बस धरायची असेल तर येऊच नको. मी दोघांची वाट पाहणार नाही.

सुचिता


इंदूर
१७ एप्रिल २०२५

वयनी,

पंचवीसले सकाळच्या गाडीनं अकोला, तिथून मंगरूळ, तिथून घरी. रजा मॅडमकडून कागदावर घेतली, वीस दिवसांची. त्याईले सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "देठ मोजतानी घाई करू नको."

तुमी विचारलं ते मशीनले नाही विचारलं. ते मलेच लिहायचं आहे, पण मले येत नाही. येतो.

लखन


इंझोरी
३० मे २०२५

लखन,

तू होता ते दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, म्हणून जे राहिलं ते आता लिहिते.

देठ मोजायले तू, मी अन् संस्कृती बसलो. तू दोनदा चुकला अन् दोन्ही वेळी सगळे पुन्हा एकत्र करून पहिल्यापासून मोजले. मी तुझ्याकडं पाहत होते. तुझ्यासारखा माणूस एका जागी बसून तीन बारीले तीनशे साठ मोजते, हे मी आधी पाहिलं नव्हतं. मांडून झाल्यावर मामंजी म्हणाले, "धीरज याच्यापेक्षा उंच होता." गुरुजी काही बोलायच्या आधीच तू पायाचे देठ जरा खाली सरकवले. त्या वेळी मी पदर तोंडाले लावला ते तू पाहिलं, अन् दुसरीकडं पाहिलं. बरं केलं.

अग्नी तू दिला, अन् सगळं जळून होईपर्यंत तिथून हलला नाही. 

फ्रॉक मी त्यात टाकायले घेऊन आले होते, पदराखाली होता. संस्कृतीनं ओळखलं. म्हणाली, "आई, तो नको जाळू, तो काकानं दिला आहे." मग मी तो घरी आणला, धुतला, तिच्याजवळ दिला. आता तिच्या कपाटात आहे, तुझ्या नावानं.

तेराव्यानंतरही तू दोन दिवस राहिला, वांग्याले पाणी दिलं, मामंजीसंगं जुड्या बांधल्या. जातानी सगळ्यांना सांगून गेला. मामंजी फाटकापर्यंत आले, ते कोणासाठी येत नाहीत.

मंगळसूत्र नाही, गळा हलका लागते. सवय होईल. राग अजून पूर्ण गेला नाही, तुझ्यावरचाही नाही. रोज थोडा थोडा कमी होते असं मी म्हणणार नाही. एखाद्या दिवशी अजिबात नसते, एखाद्या दिवशी सगळाच्या सगळा असते. परवा भाकरी झाल्यावर टोपली पाहिली. जास्तीची एकही नव्हती. मी बराच वेळ टोपलीपाशी बसले, मग सगळ्यांना जेवायले बोलावलं.

संगं पार्सल आहे. वाळवलेली मेथी, मुगाच्या वड्या, अन् लिमलेटच्या गोळ्या. मंगरूळले अजून मिळतात. मॅडमलेही दे. दोरीची गाठ माझ्या हातची आहे, मामंजीनं शिकवली. तुझा पत्ता पूर्ण लिहिला, या वेळी मार्फत कोणाचं लिहिलं नाही.

डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव आहे. माझ्या नावापुढं त्यांचं नाव बारा वर्षांपूर्वी पोलिसाच्या कागदावर लावलं होतं, त्यानंतर आजच लावलं. हात अडखळला नाही. आधी वाच, मग दोरी सोड.

सुचिता धीरज, इंझोरी.